हौदातला गोल उजेड

६ मार्च २०१६

आले बाई एकदाची! पुंडलिकनगरात वरच्या मजल्यावर खोली मिळाली. दिवसभर उजेड, चित्रं काढायला लई झकास. नळाला आठवड्यानं पाणी येतं, अंगणाखालच्या हौदावर भागवायचं, असं घरमालकीण चतुराबाईंनी पहिल्याच चहाला बजावलं. वेरूळच्या रस्त्याला नवं हॉटेल उठतंय, त्यांना लेण्यांची चित्रं हवीत. माझं पहिलं मोठं काम.

एक गोष्ट इथं लिहूनच टाकते. माझ्यात माझ्याशिवाय एक धाकटी राहते. ती आली की मधला वेळ मला आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, तिला भिऊ नका, रोज लिहीत जा. आईला वाटतं, शीलाला एकटीला राहणं जमायचं नाही. राहून दाखवते की नाही बघा!

११ मार्च

कैलासाचं चित्र अर्धं काढून झोपले. सकाळी बघते तर सगळं काळं फासलेलं, मध्ये एक पांढरा गोल. धाकटीचा उद्योग! अशी तापले. पण खरं सांगू? माझ्यापेक्षा चांगलं होतं. हॉटेलवाल्याला फोटो पाठवला, तर गडी खूश. म्हणतो, चंद्र भारी आलाय, अजून अशीच द्या.

मग काय, ब्रश तिच्यासाठी उघडा ठेवायला लागले.

१९ मार्च

चंद्र नाही तो. नव्या चित्रात गोलाच्या काठावर वाकलेली तोंडं आहेत. विहीर आहे ती, तळातून बघितलेली.

आईला फोन केला. तिचा रेडिओ नेहमीसारखा चालू. झोपेतसुद्धा बंद करत नाही. विहिरीचं ओरडून विचारलं, तेव्हा आज पहिल्यांदा बोलली. बहात्तरच्या दुष्काळात आमची माणसं मेंढरं घेऊन फिरत होती. आटलेल्या विहिरीत बारीक पोराला दोरानं सोडायचे, वाटीनं पाणी भरायला. आईची धाकटी बहीण छबू उतरली आणि कडा ढासळली. काढायला गेलेले हात टेकून परत आले. मेंढरं मरायला लागली, तशी आजीनं कळप पुढं काढला. आतून आवाज येत होता, तरी. तेव्हापासून आईला शांतता सोसत नाही.

छबूचं नाव आमच्या घरात कधी कुणी काढलं नव्हतं. फोन ठेवून लई रडले.

२७ मार्च

आणखी एक चित्र, विहीर या वेळी वरून बघितलेली. तळाशी छबू नाही, मी आहे. नाकातली मोरणी, कपाळावरचा व्रण, सगळं बरोबर. काठावर एक पोर वाकलीय, हातात दोर.

ब्रश कपाटात कोंडले. कुलूप लावलं. सकाळी बोटांना काळा रंग.

डॉक्टरांना फोन लावते, हात मध्येच थांबतो.

२ एप्रिल

टँकर यायचाय. हौदाच्या तळाचा गाळ काढायला हवा, तोंड अरुंद, तू बारीक आहेस, उतरतेस का गं, असं चतुराबाईंनी विचारलं. बिचारीला काय माहीत. नाही म्हणायला मी तोंड उघडलं. व्हय आलं. लहान पोरीच्या आवाजात.

कंबरेला दोर, हातात वाटी. उतरलेलं आठवतं. वरचा गोल उजेड आठवतो.

वर आलेलं आठवत नाही.

५ एप्रिल

चतुराबाई कुणाशीतरी हसताहेत. माझ्याशी. आवाज माझाच, वरून येतोय. मी बोलत नाही तरी —

इथं अंधार. ओल. उजवा हात तेवढा माझ्याकडे उरलाय, तो लिहितो. बाकी सगळी ती.

छबू, बाई, आपण दोघी राहू की गं वर. ऐकत नाही.

७ एप्रिल

आई आली! तिनं पोटाशी धरलं — मला नाही, तिला. किती छान दिसतेस म्हणाली.

उजेड वाटीएवढा झालाय. जीव खाऊन हाका मारतेय —

आई थांबली. बोलता बोलता थांबली. वाकून बघतेय, अगदी माझ्या डोळ्यांत — ऐकू गेलं! तिला ऐकू गेलं —

नको. आई, पिशवीतून तो रेडिओ काढू नकोस — आवाज वाढवू नकोस गं, मी आहे, शीला, मी अजून खाली —