साध्या पाण्याची अंडी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
४१२ झाले! माझ्या २००६ च्या पेपरचा आधार आता चारशे बारा पेपरांनी घेतला आहे. विभागप्रमुख गिरिधर सरांनी लगेच फ्लेक्स टाकायला सांगितला — मूल्यांकनाची समिती येणार ना. फोटो वीस वर्षांपूर्वीचा. निवृत्तीला दोन महिने उरलेली बाई फ्लेक्सवर चाळिशीची! बाकीच्या बासष्ट पेपरांना मिळून दोनशे संदर्भ नाहीत, पण ते कोण विचारतंय.

५ फेब्रुवारी
दीक्षाचं पुन्हा तेच. पीएचडीसाठी त्याच पेपरातला माझा जुना प्रयोग करते आहे. कोंबडीची फलित अंडी घ्यायची, अर्ध्यांत कपाशीवर फवारायच्या औषधाचा अगदी सूक्ष्म डोस टोचायचा, अर्ध्यांत नुसतं मिठाचं पाणी. माझ्या वेळी औषधाच्या अंड्यांत पाचातला एक गर्भ मरायचा, पाण्याच्या अंड्यांत एकही नाही. हिच्याकडे दोन्हींत सारखेच मरतात. "मॅडम, चौथ्यांदा केलं." मी म्हटलं, हात थरथरतो तुझा! फार बोलले. ती वही घेऊन गेली.

८ फेब्रुवारी, शनिवार
नंदनवनला नत्थूजींकडे गेले. वीस वर्षं माझे लॅब अटेंडंट होते. त्यांच्याइतक्या हलक्या हाताने अंडी कोणी हाताळली नाहीत. म्हटलं, युक्ती विचारून दीक्षाला सांगावी. सुनेने चहा आणला. विचारलं — आपल्या वेळी पाण्याचं एकही मरायचं नाही, कसं हो?
हसले. "मरत होते नं म्याडम! तुमाले कुठी दिसू देलं मी! जास्तीचे अंडे ठेवत होतो उबवाच्या मशिनीत. सकाळी तुमी याच्या आधी मेलेलं काढायचं, दुसरं ठेवायचं, पेन्सिलनं तोच नंबर टाकायचा, टोचल्यावानी दिसावं म्हून वरतून मेणाचा ठिपका."
काहून? — माझ्याही तोंडून 'का'च्या जागी काहूनच निघालं.
"औषधाचं मेलं तं औषधानं मेलं. साध्या पाण्याचं मेलं म्हंजे माह्या हातानं मेलं. मले तुमचं भेव वाटे."
चहा तसाच राहिला.

९ फेब्रुवारी
टोचण्यानेच मरत होती. औषधाच्या त्या डोसाचा काही संबंध नाही. एकोणीस वर्षं!

११ फेब्रुवारी
गिरिधर सरांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. "एवढी काहून घाई करून राहिल्या मॅडम? समितीले जाऊन तं द्या." मोह झाला. खोटं कशाला लिहू, तीन दिवसांपासून होतोच आहे. मार्चनंतर मला कोण विचारणार? पण खाली लॅबमध्ये दीक्षा पाचव्यांदा अंडी टोचते आहे, स्वतःच्या हाताला दोष देत. लाज वाटली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
नियतकालिकाला पत्र पाठवलं. पेपर मागे घेते आहे. 'सहायकाने माझ्या नकळत अंडी बदलली.' पत्रासोबत पुरावा म्हणून नत्थूजींकडून लेखी घेतलं. ते स्वतःच आले, दोन बस बदलून. चष्मा लावून हळूहळू लिहिलं, सही केली. "माह्यापायी तुमचं नाव गेलं," म्हणाले आणि डोळे पुसले. मी म्हटलं, असू द्या. मोठ्या मनाने!
दीक्षाची माफी मागितली. फ्लेक्स दुपारीच उतरवला. गिरिधर सर बोलत नाहीत. पण हलकं वाटलं.

१५ फेब्रुवारी
बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
नियतकालिकाने मूळ नोंदवही मागितली. कपाटाच्या तळातून काढली. ऑगस्ट २००५. संध्याकाळची नोंद, अक्षर माझं: 'दिव्यापुढे धरून पाहिली. पाणी — ६ मृत.' सहावर एक रेघ. खाली दुसऱ्या दिवशी सकाळची नोंद, तीही माझीच: 'पाणी — ० मृत.' पुढच्या तीन पानांवर तसंच.
मेलेला गर्भ सकाळी जिवंत होत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. मी विचारलं नाही.
नत्थूजींचा कागद शुक्रवारीच गेला आहे.