खाणीवरचं व्याख्यान

१५ जुलै, मंगळ.
शुक्रवारी विद्यापीठात आमच्या विभागात, बंद खाण पुन्हा सुरू करण्यावर खाण कंपनीच्या इंजिनियरचं व्याख्यान आहे. ते रद्द करा म्हणून वर्गातल्या विनयने पत्र लिहिलंय. सहीला आधी माझ्याकडेच आला. 'तू मुळगावची. तुमच्या शेतात खाणीची माती उतरलीय. तुझी सही पहिली हवी.' केली. बाबांना फोनवर सांगितलं. खूश.

१६, बुध.
सुषमाने पत्रावर माझं नाव पाहिलं. दोन वर्षं आम्ही हॉस्टेलच्या एकाच खोलीत. ती पाळी गावची. तिकडे मुळगावचे म्हणजे खाणीविरुद्धचे. वडील खाणीच्या ट्रकवर होते; खाण बंद झाली, तेव्हापासून घरीच. एवढंच म्हणाली, "त्याका बोलूकच देवचे नाय तुमी?" चहाला एकटीच गेले.

१७, गुरु.
सही मागे घेतली. विनय भडकला. "रूममेटला घाबरलीस?" म्हटलं, मला त्या माणसाला विचारायचंय. तो आलाच नाही तर विचारू कोणाला? ऐकून घेतलं नाही. ग्रुपवर माझ्याबद्दल काहीबाही. वाचायचं नाही ठरवलं. वाचलं.

१८, शुक्र.
झालं एकदाचं. विनयची मंडळी बाहेर घोषणा देत होती, आत पंधरावीसजण. हात वर केला. "आमच्या शेतातली माती कोण काढणार?"
"गाळ अडवायला आम्ही बांध घातलेत."
"ते फुटतात. मी पाहिलेत फुटलेले."
इंजिनियर कागद चाळत राहिला. मग सुषमा उठली. वाटलं, आता माझ्यावर उलटणार. पण त्यालाच म्हणाली, "खाण सुरू व्हायलाच हवी, सर. पण हिला उत्तर द्या."
"लेखी कळवतो" म्हणाला.
बाहेर तिला थँक्यू म्हटलं, तर, "कित्याक? मी तुझ्या बाजूची न्हय." पण चहाला आली. आपणहून म्हणाली, एकदा तुमचं शेत बघायचंय.

२०, रवि. घरी.
सही मागे घेतल्याचं बाबांना कोणीतरी सांगितलंच. "त्याणें जाप दिली?"
"उत्तर नाही दिलं. लेखी कळवतो म्हणाला."
"मागीर? आयकून कितें मेळ्ळें?"
ऐकून काय मिळालं ते सोडून, सुषमाला शेत बघायचंय आणि तिचे वडील खाणीच्या ट्रकवर होते, ते सांगितलं. बाबा शेताच्या बांधावर गेले, मी मागोमाग. लाल चिखल तसाच, लावणी यंदाही अर्धीच.
"येऊं दी. बापायक घेवन येऊंक सांग."
तिच्या वडिलांना भांडायला बोलावलं की शेत दाखवायला, विचारायचा धीर झाला नाही. सुषमाला फोन केला. "विचारून पळयतां" म्हणाली; बघेल वडिलांना विचारून. मागून तिचे वडील, "कोण गो?"
तिने माझं नाव सांगितलं. गावाचं नाही.