गोदामातला माणूस

दि. ९ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझा घसा बसला आहे आणि डॉक्टरांनी तुला बोलायला सक्त मनाई केली आहे, असं तुझ्या बायकोने कळवलं. लहानपणी तू रडायला लागलास की शेजारची म्हातारी काठी घेऊन बाहेर यायची, म्हणून आम्ही तुला भोंगा म्हणू लागलो. त्या भोंग्याला मौन, ही बातमी एरवी मी आनंदाने चार घरी सांगितली असती. आज त्या मनःस्थितीत नाही. फोनवर मी एकटीच बोलले असते आणि ते मला चाललंही असतं, पण मला तुझ्याकडून उत्तर हवं आहे, म्हणून पत्र.

रविवारी आमच्या घरी तुझा खून झाला. तुझ्या भावोजींनी केला.

हा मनुष्य दिवसभर कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदी करतो, घरात झुरळ निघालं तर मला हाक मारतो, आणि संध्याकाळी टीव्हीला खेळाचं यंत्र जोडून काळ्या डगल्यातल्या माणसाकरवी गुंडांची डोकी फोडतो. डोकं हलकं होतं म्हणे. कुणाचं, देव जाणे. डगलेवाला तुला नवा नाही. माझ्या संस्कृतच्या पुस्तकांची कव्हरं काढून तू त्याच्याच कॉमिकांना घालायचास. आता त्याच्यावर खेळ निघाला आणि त्यात तुझा आवाज आहे, हे तूच मोठ्या फुशारकीने कळवलं होतंस. मग आपल्या घरची रीत आली. तुझा आवाज रेडिओवर लागो की साबणाच्या जाहिरातीत, आईला हात धरून आणायचं, खुर्चीत बसवायचं आणि सगळ्यांनी चिडीचूप राहायचं. तिला हल्ली उजेड आणि अंधार एवढंच कळतं, त्यामुळे तुझं सगळं कौतुक तिच्या कानांत साठलेलं. यांनी तिला बसवलं आणि आवाज मोठा केला.

पडद्यावर गोदामाचं दार फुटलं. मग एका गुंडाच्या तोंडून तू. सांगतो म्हणालास, सगळं सांगतो. माल कुठे आहे ते सांगितलंस, माणसं कुठे लपली आहेत तेही सांगितलंस. मग अगदी हळू म्हणालास, “जाऊ दे मला. घरी आई वाट बघतेय.” त्यावर डगलेवाल्याने तुझं डोकं पत्रे दाबायच्या यंत्रात घातलं आणि यांनी बटण दाबलं. आपण काय केलं हे यांना कळेपर्यंत तू ओरडून संपला होतास. पडद्यावर बक्षिसाचे तारे उडाले. मी जन्मभर वर्गात ‘हन्’ हा मारण्याचा धातू चालवून घेतला, पण तो इतका चालतो हे मला ठाऊक नव्हतं.

आई उठली आणि भिंत चाचपत खोलीत गेली. तेव्हापासून एकच धोशा, त्याच्याशी मला बोलू द्या. तुला बोलता येत नाही म्हटलं, तर म्हणते, म्हणजे त्याला काय झालंय ते लपवताय. मोबाइलवर तुझा चेहरा दाखवायची सोय नाही, तो तिला दिसत नाही. हे सगळं नाटक आहे म्हटलं, तर म्हणाली, त्याची नाटकातली रडणी मला पाठ आहेत, हे तसलं नव्हतं. जेवण दोन घासांवर आलं आहे. भोंग्या, ते वाक्य लिहिलं कुणी? आणि ज्याने लिहिलं त्याला आई आहे का?

आणखी लिहिलं तर शाईला दोष लागेल. घसा जप. माया होती तेवढीच आहे, राग वेगळा धरला आहे.

तुझी,
ताई


दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
मौनी भोंग्याचा शि. सा. न. वि. वि.

वाक्य माझं आहे. लिहिलं कुणीच नाही, मी बोललो.

हे काम कसं चालतं ते तुला माहीत नाही. काचेच्या खोलीत उभं करतात. हातात सुटे कागद, मागचंपुढचं काही नाही. उंचावरून पडताना, आगीत, पाण्यात, गळा दाबल्यावर ओरडायचं. त्यातही आखूड, मध्यम, लांब. सकाळभर मरायचं, कोमट पाणी प्यायचं, परत मरायला उभं राहायचं. घसा गेला तो तिथेच. शेवटी गयावयाचा कागद आला. त्यावर होतं, ‘मला मारू नका, मी आपणांस संपूर्ण माहिती देतो.’ मरणाच्या दारात माणूस असा अर्ज करतो का? दिग्दर्शक म्हणाला, पटत नाही, तुमच्या शब्दांत बोला. मी विचारलं, खरं सांगितल्यावर याला सोडतात ना? कारण कॉमिकात डगलेवाल्याचा तो नियमच होता. खरं बोललेल्या माणसाला तो बोट लावायचा नाही. त्या एका गोष्टीसाठी मी तुझ्या पुस्तकांची कव्हरं पळवली. दिग्दर्शक काचेपलीकडून म्हणाला, हो हो, सोडतात.

म्हणून मी सुटणारा माणूस बोललो, ताई. मारला जाणारा बोललोच नाही. आई तोंडात आली, कारण सुटल्यावर तिथेच जायचं होतं. पुढची किंकाळी त्यांनी दुसऱ्याच कागदावरची आणून जोडली.

तुझं पत्र वाचलं आणि पाटी घेऊन तिथे गेलो. लिहिलं, वाक्य काढा. दिग्दर्शक हसला. म्हणाला, अहो, लोकांना सगळ्यात आवडलेलं वाक्य आहे ते, तेवढाच भाग परत परत खेळतात. दुसऱ्या भागात असली घरगुती वाक्यं आणखी हवीत, बायको, मुलगी, असं काहीतरी. तुम्ही आतून बोलता, म्हणाला. मी पाटीवर शिव्या लिहायला घेतल्या, पण खडूने रागावणं फार हळू होतं. दुसरी शिवी पुरी व्हायच्या आत त्याला फोन आला.

नवा करार घेऊन आलो आहे. सही केलेली नाही आणि फाडलाही नाही. दुसरं मोठं काम सध्या हातात नाही, हेही तुझ्यापासून लपवत नाही. येऊन आईला भेटावं असं फार वाटतं, पण आवाजाशिवाय तिच्यापुढे उभा राहून मी काय सिद्ध करणार?

भावोजींना माझ्याकडून माफी. चुकलं तर ओरड, मी उलट बोलू शकत नाही.

तुझा,
भोंगा


दि. २१ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. माझ्या आवाजात वाचलेलं तुझं पत्र तिच्या लेखी माझंच. पुरावा फेटाळला गेला.

तुझे भावोजी रोज कचेरीतून आले की चहा न घेता त्या गोदामात जायचे आणि तुला सोडायचं बटण शोधायचे. मारायचं आहे, जाळायचं आहे, वरून खाली टाकायचं आहे. सोडायचं नाही. काहीच केलं नाही तर तू तेच वाक्य बोलत राहतोस आणि हे समोर हात बांधून उभे. शेवटी यांनी कंपनीला लिहिलं, ‘सदर इसमाने माहिती दिल्यानंतरही त्यास मुक्त करण्याची सोय आढळून येत नाही.’ उत्तर आलं, आपल्या उत्साहाबद्दल आभार. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाला आवाज चढवताना मी पहिल्यांदा ऐकलं. यंत्र आता माळ्यावर आहे.

मला रक्ताचा विटाळ नाही रे. मी शिकवलेल्या काव्यांत मुंडक्यांचे खच पडतात आणि त्याने माझी झोप कधी उडाली नाही. पण तिथे शरण आलेल्याला मारणाऱ्याला कवी पापी म्हणतो. इथे त्याला तारे देतात. आणि वर खोटं सांगून तुझ्याकडून आई काढून घेतात, तिला आतलं बोलणं म्हणतात. त्या दिग्दर्शकाला माझ्या वर्गात बसवायला हवा होता, शेवटच्या बाकावर, उभा.

आईचं भय ओसरून तिला राग येऊ लागला आहे. ‘खरं सांगितलं ना त्याने? मग?’ एवढंच विचारते. यांना विचारलं, मला विचारलं, काल वीज मोजायला आलेल्या माणसालाही विचारलं. तो मीटर न बघताच गेला.

करारावर सही करायची की नाही हे तुझं तू बघ, तुझं घर तू चालवतोस. पण ये. मुका ये.

वाट पाहते. आशीर्वाद भेटीत देईन, कागदावर वाया घालवत नाही.

ताई


दि. ५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्याकडून निघून सुखरूप पोचलो. निघायच्या दिवशी तू शाळेत गेली होतीस तेव्हाचं तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

आईने आल्याच्या दिवसासारखाच माझा चेहरा चाचपला. मग ताप बघतात तसा गळ्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. म्हणाली, बोलू नको, मान हलव. ते तुला बोलायला लावलं? नाही. आपणहून बोललास? हो. खरंच घरी यायचं होतं? हो. मग म्हणाली, “मग ते वाक्य त्यांचं नाही. परत आण.”

परत मिळण्यातलं नाही हे मला ठाऊक होतं, तरी गेलो. पाटी नेली नाही. डॉक्टरांनी आता थोडेसे शब्द चालतील असं सांगितलं होतं. ते मी आईला फोन करायला राखून ठेवले होते.

करार सहीविना दिग्दर्शकाच्या टेबलावर ठेवला. तो म्हणाला, वाक्य लाखो घरांत गेलंय, आता कुठून परत आणू? आणि त्यात एवढं मनाला काय लावून घ्यायचं, एक गुंड तर होता.

माझा आवाज पत्रा ओढल्यासारखा निघाला. मी म्हणालो, “सोडायचं ठरलं होतं.”

तो म्हणाला, कुणाला?

“मला.”

त्याने खांदे उडवले. मागच्या यंत्रावर बसलेल्या रेकॉर्डिंगवाल्या बाईंनी मात्र कानांवरचे हेडफोन काढून ठेवले. मी बाहेर पडलो.

वाक्य तिथेच आहे, ताई. हे लिहितानाही कुठेतरी कुणीतरी बटण दाबत असेल. संताप गेलेला नाही, आणि तो गेला तर मला स्वतःची भीती वाटेल. दुसऱ्या भागात मी नाही. माझ्या तोंडून बायको आणि मुलगी आता त्यांना मिळायच्या नाहीत. सध्या शाळांसाठी भूगोलाचे धडे वाचायचं काम आहे. घसा बरा झाला की सुरू करीन. त्यात नद्या आहेत, मरण नाही.

घसा मात्र पुन्हा बसला. डॉक्टर माझ्यावर ओरडले, त्यांना ओरडायची मुभा आहे. मौन लांबलं. आईला सांग, फोन इतक्यात येणार नाही. तिच्यासाठी ठेवलेले शब्द तिकडे खर्च झाले, आणि ते काय होते तेही सांग.

रागासकट माझ्यावर लोभ ठेव.

तुझा,
भोंगा