शिंगराची अंघोळ

मलीहा (शारजा), फेब्रुवारी

प्रिय ईशू,

बाबाने फोन सोडून कागद का हातात घेतला, म्हणून घाबरू नकोस. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. फोनवर बोलताना तुझी आई शेजारीच असते, आणि ती शेजारी असली की माझी गाडी 'जेवलीस का, थंडी आहे का' याच्यापुढे जात नाही, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. शिवाय दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये असताना दर शनिवारी मराठीच्या वर्गाला तू रडत जायचीस आणि मी चिडत सोडायला यायचो, आपल्या दोघांच्या कष्टांचं काहीतरी चीज व्हायला नको का? तेव्हा सावकाश वाच. अक्षर लागलं नाही तर वेदांगला विचार, जावई तेवढ्या तरी कामाला येऊ दे. पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतोय.

इथे सीझनचा शेवटचा जोर चाललाय. रमजान तोंडावर आलाय, त्यामुळे ज्याला त्याला तो सुरू व्हायच्या आत वाळवंट बघून घ्यायचंय. एप्रिल उजाडला की इथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. सकाळी धुकं असं पडतं की तंबूतून नाश्त्याला निघालेले पाहुणे थेट तबेल्यात जाऊन उभे राहतात. मग मी जॅकेट चढवून त्यांना हुडकायला जायचं. इतकी वर्षं फ्रीझोनच्या ऑफिसात बॅलन्सशीट जुळवलेला तुझा बाप आता कुठल्या पाहुण्याला कुठली घोडी झेपेल ते ठरवतो. अहमद, माझा जुना बॉस, म्हणाला होता, रिटायर होऊन पुण्यात काय करणार, दोन वर्षं माझं गेस्ट फार्म बघ. त्या दोन वर्षांना आता चांगलंच शेपूट फुटलंय. आईच्या थालीपिठांना तर ऑनलाइन रिव्ह्यू येतात. एका जर्मन बाईने त्यांना 'डेझर्ट पिझ्झा' म्हटलं, तर आई दिवसभर माझ्याशी फटकून वागली. रिव्ह्यू जणू मीच लिहिला होता.

पण हे सगळं तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते सांगायला बसलोय आणि उगाच इकडेतिकडे करतोय. गणपतीत तू व्हिडिओ कॉलवर सांगितलंस की तुम्ही दोघं मूल दत्तक घेताय. माझ्या हातातला मोदक हातातच राहिला, पण आनंदाने, हे तुला तेव्हा दिसलं की नाही कोण जाणे. आई मात्र जे बोलायला नको तेच बोलली. परक्याचं रक्त घरात आणून ते आपलं होत नसतं, असं. तू आवाजसुद्धा न चढवता 'देन डोन्ट कम, आई' म्हणालीस आणि कॉल बंद केलास. तेव्हापासून मी तुमचा पोस्टमन. तू आईची तब्येत मला विचारतेस, आई तुझी चौकशी माझ्याकडे करते, आणि दोघी एकमेकींचं नाव घेत नाहीत. आता मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती दोन वर्षांची पोर तुमच्या पुण्याच्या घरी येईल. तिला आजी मिळणार की नाही, हे मात्र आपल्या घरात कुणी उच्चारत नाही. ईशू, मला दुसरं काही सुचत नाही गं. बुकिंग लिहिताना, पाहुण्यांशी गप्पा मारताना, मनात तेवढंच असतं.

आईचा स्वभाव मी तुला काय सांगायचा. नाकावर राग, आणि एकदा 'नाही' म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी 'हो' नाही. तू लहानपणी शारजात पहिल्यांदा पोनीवर बसलीस तेव्हा ती गाडीच्या काचा वर करून डोळे मिटून बसली होती. घोड्याची भीती, आणि भीती कबूल करायची नाही. इथे येऊन इतके सीझन झाले, पण तबेल्याच्या दारापर्यंत गाजरं घेऊन जायची आणि तिथूनच टाकायची. तबेल्याचा मुख्य झुबेर, पाकिस्तानातल्या सरगोध्याचा, मिशांना पीळ देत मी मी करणारा गडी. त्याने कितीदा बोलावलं, भाभीजी अंदर तो आइए. ही म्हणायची, तुमच्या घोड्या तुमच्यापाशी, माझी शेगडी माझ्यापाशी.

तर गेल्या आठवड्यात आमच्या दोन घोड्या व्यायच्या होत्या. आधी रीम व्याली, तिचं शिंगरू मेलेलंच जन्मलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गझाला व्याली. शिंगरू धडधाकट, काळंभोर, मादी. पण गझाला मात्र ऊन वर यायच्या आत गेली. डॉक्टर आली होती, काही करता आलं नाही. इकडे रीम रिकाम्या कप्प्यात मान खाली घालून उभी, कास दुधाने दगड झालेली, आणि तिकडे ते पोरकं शिंगरू पायांवर धड उभंही राहता येत नसताना भिंतीला तोंड लावून चोखतंय. आईने दारातून ते पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागली. तिला रडू आलं की ती भांडी आपटते, तुला ठाऊक आहे.

झुबेर मात्र अशा वेळी हलत नाही. त्याने रीमचा चीक काढून बाटलीने शिंगराला पाजला, मग तिचंच दूध शिंगराच्या डोक्याला, पाठीला, शेपटीखाली चोळलं. रीमचं मेलेलं शिंगरू ज्या गोणपाटाने पुसलं होतं तेच ह्याच्या अंगावर बांधलं. घोडी पोराला वासाने ओळखते, डोळ्यांनी नाही, असं त्याने मला ऐटीत समजावलं. मग रीमचा पुढचा एक पाय उचलून धरायचा, म्हणजे ती लाथ मारू शकत नाही, आणि शिंगराला कासेशी लावायचं. पहिल्यांदा ती थरथरली. नंतर त्याच्या पाठीचा वास घेऊन स्वस्थ राहिली. शिंगरू दोन घोट प्यायलं, आणि झुबेरने मिशीवर असा हात फिरवला की दूध त्यालाच फुटलं असावं. मधल्या वेळात शिंगराला शेजारच्या कप्प्यात ठेवायचं, आणि कुणी हात लावायचा नाही, असा त्याचा हुकूम होता. हा हुकूम त्याने मला हिंदीत दिला, मी 'हाँ हाँ' म्हटलं, आणि आईला सांगायचं राहून गेलं.

शुक्रवारी दुपारी झुबेर आणि सगळे मोतद्दार जुम्म्याच्या नमाजाला गेले. पाहुण्यांच्या गाड्या यायला लागल्या होत्या, मी फाटकापाशी. आई गाजरं घेऊन तबेल्याच्या दाराशी गेली आणि तिला ते शिंगरू दिसलं. अंगावर दूध वाळून केस चिकटलेले, माश्या बसलेल्या, वर ते ओलं गोणपाट. चार दिवसांचं लेकरू आणि ही त्याची दशा. झालं. तू जन्मलीस तेव्हा तुझ्या आजीने तुला जसं न्हाऊ घातलं होतं, अगदी तस्सं सगळं हिने काढलं. खोबरेल तेल कोमट करून मालिश, डाळीचं पीठ आणि साय, ऊन पाणी, चंदनाचा साबण. बार्बेक्यूच्या शेगडीतले निखारे आणून ओवा आणि बाळंतशोपांची धुरी. आणि शेवटी, हसू नकोस, कपाळावर काजळाची तीट. काळ्या शिंगराला काळी तीट. अजमानहून आलेल्या एका कुटुंबातल्या मुली भोवती उभ्या राहून 'सो क्यूट, आँटी' म्हणत व्हिडिओ काढत होत्या. मी पोचलो तेव्हा ती जुन्या मऊ लुगड्याने त्याचे कान पुसत होती, आणि आपण काय केलं याच्याकडे तिचं लक्षही नव्हतं. घोड्याला हात लावलाय, ईशू, ज्या बाईने आयुष्यात लावला नव्हता. मी म्हटलं, वा. मला मेल्याला तेव्हाही झुबेरचा हुकूम आठवला नाही.

नमाजाहून आल्यावर झुबेरने शिंगराला रीमपाशी नेलं. रीमने वास घेतला. कान मागे पाडले, किंचाळली, आणि त्याच्या खांद्याला असा चावा घेतला की ते भिंतीवर जाऊन आदळलं. झुबेरने कसंबसं ओढून बाहेर काढलं, त्याच्या मानेला नाक लावलं, आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "भाभीजी, आपने तो बच्चे का पता ही धो डाला." ओरडला असता तर बरं झालं असतं. आईच्या तोंडचं पाणी पळालं. एकदा नाकारलं की घोडी पुन्हा सहसा घेत नाही, असं तो म्हणाला. बाटली शिंगरू तोंडात धरेना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या फासळ्या दिसायला लागल्या.

मग काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. आई स्वयंपाकघराची किल्ली माझ्या हातात देऊन तबेल्यात गेली, उलटी बादली घेऊन रीमच्या कासेशी बसली, आणि झुबेरला म्हणाली, सिखाओ. रीमने एकदा पाय आपटला तर ही बादलीसकट मागे, पण परत बसली. गरम फडक्याने कास शेकायची, थोडंथोडं दूध काढायचं, त्यातलं निम्मं बोट चोखायला देऊन शिंगराच्या पोटात घालायचं, उरलेलं त्याच्या अंगाला आपल्या हाताने चोळायचं. रीमच्या घामाचं घोंगडं त्याच्यावर घालायचं. चोळताना बोलणं चालू. शिंगराशी नाही, रीमशी. तुझं गेलं बाई, मला कळतंय, असलं काहीतरी. इकडे शनिवार-रविवार फार्म पाहुण्यांनी भरलेलं, आणि नाश्ता करायला कोण, तर मी. माझ्या उपम्यात गुठळ्या होत्या, हे मान्य. एका पाहुण्याने त्या 'डंपलिंग' म्हणून दोनदा मागून घेतल्या. आईला सांगू नकोस.

सोमवारी सकाळी फार्म रिकामं होतं, धुकं नुकतं उठत होतं. झुबेरने रीमचा पाय धरायला हात पुढे केला, तर आईने त्याला थांबवलं. म्हणाली, आज धरू नका, बघू या. मला वाटलं, आता शिंगरू जातंय. रीमने त्याचं डोकं हुंगलं, पाठ हुंगली, शेपटी हुंगली. बराच वेळ लावला. मग घशातल्या घशात कशी तरी घुमली, असा आवाज मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता, आणि एक पाऊल बाजूला सरकून तिने कास मोकळी करून दिली. शिंगरू पिऊ लागलं. झुबेर तोंड फिरवून मिशा पुसत होता. आई बादलीवर बसून मोठ्याने रडली, भांडी आपटायला काही जवळ नव्हतं म्हणून. रडणं ओसरल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाली, "वासाचंच होतं ना सगळं? मग तो लावता येतो की." मी सत्तावीस खोगिरं मोजायचं निमित्त काढून बाहेर गेलो. त्या क्षणी तुझं नाव मी घेतलं असतं, तर ती पुन्हा कुलूप लावून बसली असती.

आज सकाळी मटार सोलताना तिने आपण होऊन विषय काढला. म्हणाली, ईशूला लिहा. फोन लावून देतो म्हटलं तर नको, लिहाच. तिचे शब्द जसेच्या तसे देतो: "पोरीला घरी आणल्या आणल्या न्हाऊ घालू नकोस म्हणावं. नवे कपडे तयार असतील, पण लगेच अंगातले काढून धुऊ नकोस. संस्थेतलं तिचं पांघरूण देत असतील तर मागून घे, आणि उशाशी ठेव. माझ्या नातीचा वास थोडे दिवस तिच्यापाशी राहू दे. आपला हळूहळू लागेल." एवढं बोलून ती मटारांत मान घालून बसली. थोड्या वेळाने मी विचारलं, मग तू जातेस का पुण्याला? तर म्हणाली, तिने येऊ नको म्हटलंय, कोणत्या तोंडाने जाऊ. निरोप तुला पोचवला, माझं काम झालं. पण पोस्टमनची नोकरी मी आजपासून सोडतोय. तुझ्या मुलीचं येणं पंधरा-वीस दिवसांवर आलंय, आणि आई दर थोड्या वेळाने माझ्या फोनकडे बघतेय, बघत नसल्यासारखं करून. मला उत्तर लिहू नकोस, ईशू. फोन तिच्याच नंबरवर कर, आणि तिला ये म्हण.

तुझाच,
बाबा