गुंफेत सांगितलं ते

नाशिक, रविवार, २४ जानेवारी १९९९

साडीच्या खांद्याला गुंफेतली धूळ लागलीय. ओल्या फडक्याने पुसली तरी जात नाही. बोलायला तीच एक जागा कशी सापडली मला?

पुढच्या रविवारी सुपारी फुटायची, म्हणून मुलाच्या आईंनी आज मला नि आईला पंचवटी दाखवली. आधी त्यांचं घर. नक्षीचे खांब, तेल पाजलेले दरवाजे, सगळं लखलखीत. "आजेसासऱ्यांच्या वेळचं आहे, एक खिळासुद्धा बदललेला नाही," म्हणाल्या. मी हसले. कशाला हसले? मग काळाराम, मग सीतागुंफा. त्यांचे गुडघे दुखतात, त्या बाहेर थांबल्या. दिवसभरात आई एकटी सापडली ती तेवढीच.

आत बसून सरकत जावं लागतं. आई पुढे, मी मागे. तिच्या पाठीशी तोंड नेऊन म्हटलं, "आई, मला हे लग्न नाही करायचं."

ती थांबली. ऐकलं तिने, नक्की ऐकलं. तेवढ्यात माझ्या मागची कोणी बाई म्हणाली, "सरका की पुढं, जीव गुदमरला आमचा." मागे फिरायला जागाच नाही. आई सरकली. मग मीही.

बाहेर त्या प्रसाद घेऊन उभ्या होत्या. "कोंडल्यासारखं झालं ना गं? आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना घेऊन यावंच लागतं. होईल तुला सवय."

मी बोलणार होते. खरंच बोलणार होते का? आई माझ्या खांद्यावरची धूळ झटकत होती. झटकता झटकता तिनेच सांगून टाकलं, "होईल की."