धाकटीची गोधडी

प्रिय धाकटे,

फोनवर तू हो, नाही, बघते यापलीकडे जात नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. आधीच सांगते, मी वैतागले आहे. तुझ्यावर, त्या गोधडीवर आणि तुझ्या बाबांवरही. ते येता-जाता विचारतात, झाली का? जणू मी शर्टाला बटण लावतेय.

तुम्हा दोघींना लहानपणीच्या कपड्यांची एकेक गोधडी द्यायची, हे माझंच खूळ. ताईची महिन्यात झाली. तुझी तीन महिने रखडली आहे. टी-शर्टचं होजिअरी कापड नुसतं ताणलं जातं. चौकोन कापावा तर शिवेपर्यंत त्याचा पतंग होतो. एक बाजू तीनदा उसवली. बत्तीस वर्षं मी शाळेचे गणवेश शिवले, आणि बाबा म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं! त्या दिवशी त्यांना दुपारचा चहा मिळाला नाही.

त्यात तो फोटो. सगळे चौकोन पलंगावर मांडून मी तुला हौसेनं पाठवला, ओळख पाहू काय कशातलं ते. तुझं उत्तर आलं. निळा ठिपक्यांचा, ताईच्या पाचव्या वाढदिवसाचा. पिवळा, ताईच्या सहलीचा. हिरवा, ताई पहिलीत गेली तेव्हाचा. चोवीस चौकोन आणि चोवीस वेळा ताई. खाली लिहिलंस, एकच गोधडी दोनदा कशाला शिवतेस?

अस्सा राग आला म्हणून सांगू! मोठीचे कपडे धाकटीला होतात, सगळ्याच घरांत होतात. चांगला धडका फ्रॉक काय टाकून द्यायचा होता? आणि तू तर तिच्यापेक्षा जास्त दिवस घातलेस ते. एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ! हे सगळं तुला सुनवायचं होतं, पण तू फोन उचलला नाहीस, म्हणून ताईला सुनावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, आई, मला नवा फ्रॉक आला की ती माझ्या मागे लागायची, ताई, तू लवकर मोठी हो ना. आठवतं? आठवतं तर. हा किस्सा मी कितीतरी जणांना हसत हसत सांगितला आहे. परवा मात्र हसू आलं नाही.

मग हट्टालाच पेटले. माळ्यावरच्या दोन्ही ट्रंका उपसल्या. तुझ्या एकटीचं एक तरी काही निघू दे, टोपी, मोजे, काहीही, म्हणजे तुझं तोंड बंद करता येईल. लंगोटसुद्धा ताईचे निघाले गं. शिंकून शिंकून बेजार झाले, बाबा शिडी धरून कंटाळले, आणि हाती काही लागलं नाही. तुझं खरं आहे. माझं चुकलं. हे लिहितानाही चिडचिड होते आहे, पण आता ती तुझ्यावर नाही.

काल ते चौकोन गुंडाळून ठेवले आणि बाजारातून जांभळं कापड आणलं. कोरं. म्हटलं, गोधडी राहू दे, हिला आधी एक झगा शिवू. कापायला बसले आणि मापांची वही काढली. अर्ध्या गावाच्या पोरांची मापं आहेत तिच्यात. ताईची तर दर वर्षीची आहेत, पानंच्या पानं. तुझं पानच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा चाळली. दुसऱ्यांच्या लेकरांना टेप लावत आयुष्य गेलं, आणि तुझं माप मी एकदाही घेतलं नाही. तेवढ्यासाठी हे पत्र. आकडे फोनवर कळवू नकोस, मला नकोत ते. ये, आणि थोडा वेळ माझ्यासमोर उभी राहा.

तुझीच,
आई