पाच वेळा तोललेले आबासाहेब

गंगाखेड,
१४ मार्च १९८९

प्रिय सिताराम,

सप्रेम जयभीम. शाळेत चार वर्षं एका बाकावर बसलो, तरी तुला आजवर नमस्कारावरच भागवलं. आज हात आपणच जयभीमकडे वळला.

इकडे सर्व ठीक. गॅरेज चालू आहे. बायकोचे, मनकर्णाचे, गुडघे दुखतात. बाजारात गॅरेजला नवी जागा मिळाली. ती कशी, ते पुढं येईलच, मी टाळलं नाही तर.

तुझ्या भावाचा, सूर्यभानचा, पाय कापला, हे दवाखान्याच्या दारातच ऐकलं आणि मागं फिरलो. आत जायची छाती झाली नाही. पोलिसांनी लिहिलंय, ड्रायव्हर पिऊन होता. सूर्यभान सुपारीसुद्धा खात नाही, हे तुला मी काय सांगू!

आपले पुढारी आबासाहेब, त्यांची पदयात्रा तुला ठाऊकच आहे. तिच्यात पाय दुखू नयेत म्हणून त्यांनी चाकांवरची खोली बांधून घेतली: पलंग, कूलर, पाण्याची टाकी. ओढायला त्यांची जीप, जीपवर सूर्यभान. मोंढ्यातल्या वजनकाट्यावर मी खोली तोलली. अठरा क्विंटल. बिनब्रेकाचं ओझं त्या जीपमागं सातच्या वर नको, असं मी तोंडावर सांगितलं.

आबासाहेब म्हणाले, "आरं, फोर व्हील हाय. डोंगर ओढंल!"

सूर्यभान हळूच म्हणाला, "ओढंल मालक. पर उताराला डोंगर थांबवायचा कुणी?"

सगळे हसले. मीही.

मग गावोगाव गूळतुला. पाच गावांनी आबासाहेबांना पाच वेळा तागडीत बसवलं. दर खेपेला ब्याण्णव किलो गूळ. भाषणात तो शाळेच्या पोरांचा, भाषणानंतर खोलीत, अगदी पुढच्या अंगाला रचलेला. खोली पुन्हा तोलायचं कुणाच्या मनातही आलं नाही. खोली जीपला जोडणाऱ्या आकड्यावर भार आला, जीपचं बूड बसलं, पुढची चाकं जमिनीला नावापुरती टेकली. राणीसावरगावच्या अलीकडं, उताराच्या तोंडाशी, आबासाहेब फोटोसाठी पायी चालायला उतरले. खोलीनं जीपला मागून रेटलं. स्टिअरिंग वळत होतं, जीप वळत नव्हती.

आता टाळलेलं लिहितो. खोली रस्त्यावर आणायच्या परवान्याला मिस्त्रीचा वजनाचा दाखला हवा होता. आबासाहेबांचा कारभारी दत्तराव म्हणाला, "बन्सीधर, बाजारातल्या जागंला तुमचंच नाव चाललंय बरं का." मी अठराचे सात लिहिले. आता तोच कागद नाचवून म्हणतात, वजन बरोबर होतं, म्हणजे ड्रायव्हरच चुकला.

काट्याची खरी पावती मी जपून ठेवली होती. भीतीपोटी, चांगुलपणा समजू नकोस. सोबत पाठवतोय, वकिलाकडे दे. सोमवारी मी फौजदारापुढं खरा जबाब लिहून देणार. मनकर्णाला सांगितलं, तर म्हणाली, "आता सुचलं व्हय? त्याचा पाय गेल्यावर?"

जागा जाईल. जाऊ दे.

सूर्यभानला माझा निरोप सांगू नकोस. त्याला उत्तर द्यावं लागेल, आणि तो माणूस चांगलंच बोलेल.

आरोपी क्रमांक दोन होऊ घातलेला,
बन्सीधर